बोलना का तो?

चोपड्याहून शिरपूरकडे जाताना, पंपाच्या पुढे,
आमचा वजनकाटा. मालक चुलतभाऊ, रात्रपाळी माझी.
केळीचा ट्रक चढतो, आकडा थरथरतो, थांबतो,
मी पावती फाडते, पैसे गल्ल्यात टाकते
आणि पुन्हा पान एकशे बारा.

ऋजुता कवळ्या बनवते, पुण्यात, एका लॅबमध्ये.
दिवसभर परक्यांचे दात घासते
आणि स्वतः हसताना तोंडावर हात धरते.
निहार मोटार ट्रेनिंगवाला, घटस्फोट झालेला,
शिकाऊंना सांगतो, क्लच हळू सोडा, हळू,
घाई केली की गाडी बंद पडते.
ह्याची तर सुरूच होत नाही.

एवढंच आहे पुस्तकात.
खून नाही, कुणाला कॅन्सर नाही,
विमानतळावर धावत कोणी जात नाही.
चाळीस पानं तर नुसती एका डब्यावर:
तिचा डबा त्याच्या गाडीत राहिला,
त्यानं घासला, पुसला,
आता रिकामा परत कसा द्यायचा?
मेची रात्र, दोन वाजलेले, कूलरमधलं पाणी संपलेलं,
आणि मी त्या डब्यासाठी जीव मुठीत धरून.
बाहेर बलकारसिंग हॉर्न वाजवून थकला.

शेवटी काय भरलं त्यानं, तर लिमलेटच्या गोळ्या.
दातांच्या कारागिरणीला!
मी एकटीच इतकी मोठ्यानं हसले
की काट्याखालचं कुत्रं उठून बसलं.

कधी राग येतो तिचा.
उचल ना गं बाई फोन, तिसऱ्यांदा वाजतोय.
मग आठवतं,
लग्नानंतर वर्षभर मीही कुठे बोलत होते?
भांडं जरा जोरात ठेवायचे, म्हणजे जेवायला या.
हळू ठेवलं, म्हणजे बसा अजून थोडं.

सकाळी सातला मी घरी पोचते, सुपडू निघायच्या बेतात.
केळी कापणीच्या टोळीत आहे तो,
हातावर चिकाचे डाग, कशानंही न जाणारे.
तासाभराचा संसार आमचा,
कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा, चहा.
चौथीनंतर त्यानं पुस्तक धरलं नाही.
मीच आपली काहीतरी बोलायचं म्हणून
रात्रीचं वाचलेलं सांगायचे, आणि वाटायचं,
हा भाकरीकडे बघतोय.

एक दिवस दारात चपला घालता घालता,
पाठमोराच:
"मंग? बोलना का तो?"
कोण?
"तो ना, गाडी शिकाडनारा."
नही ना आजून.
"येडा शे," म्हणाला, आणि गेला.

तेव्हापासून रोज.
पुण्याची ऋजुता माझ्या तोंडून अहिराणी बोलते,
आणि खरं सांगू, तिला ती शोभते.
मी तिला नावं ठेवली की हा तिच्या बाजूनं:
"तिले भ्याव वाटस ना. ऱ्हाऊ दे."
घड खांद्यावर कसा घ्यायचा, की एक केळं दबत नाही,
एवढंच ह्याला येतं असं मी सतरा वर्षं धरून चालले होते.

पुस्तक एकदा काट्यावर ठेवून पाहिलं.
शून्य.
वीस किलोंच्या खालचं त्याला कळत नाही.

नगर वाचनालयाची तारीख उलटून गेली,
दंड रोज एक रुपया. भरते.
कारण पुस्तक संपलं, त्याला आज नववा दिवस.
निहार बोलला. दोनशे ब्याण्णव पानावर, भर चौकात,
गाडी बंद पडलेली, मागे सगळे ओरडताहेत,
आणि काय बोलला ते मी दोनदा वाचलं,
मग दिवा मालवून जरा बसून राहिले.

सकाळी सुपडूनं बशीत चहा ओतला,
माझ्याकडे सरकवला.
"बोलना का?"

नही ना, म्हटलं. आजून नही.