अर्ध्यावरची खाडी

फ्रिजवर दोन कागद आहेत, एकाच लोहचुंबकाखाली:
गौरूच्या शाळेचं वेळापत्रक
आणि मच्छीमार सोसायटीने छापलेला भरती-ओहोटीचा तक्ता.
दोघांचं महिन्यातून चारेक दिवस जमतं.
तेवढे दिवस मी चित्रकार.

आचऱ्याच्या खाडीला ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो
आणि पाऊण तास त्याचा रंग कशासारखाच नसतो.
बर्न्ट सिएनात चिमूटभर अल्ट्रामरीन घातला
तर जवळपास जाता येतं.
पोचता येत नाही.

मागच्या दाराच्या पायरीवर बसते.
मांडीवर नवऱ्याचं परीक्षेचं जुनं पॅड,
पाण्याला स्टीलचा पेला, त्यावर सासूबाईंचं नाव कोरलेलं:
सौ. इंदिरा, १९७९.
त्यातलं पाणी पहिल्यांदा निळं झालं
तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशी पेला वेगळा काढून ठेवलेला, खिडकीत, उपडा.
रागाने की मायेने, अजून विचारलं नाही.

पत्र्याच्या ट्रंकेत एकतीस खाड्या आहेत. पुरी एकही नाही.
हिच्यात डावीकडे माड, उजवीकडे कोरा कागद:
तिथे कुकरची तिसरी शिट्टी झाली.
हिच्यात आभाळ आहे, जमीन नाही. गौरूला एकशे दोन ताप होता.
ही पलीकडच्या काठापर्यंत बरी चालली होती,
तेवढ्यात कुंपणापाशी सकिनाबी,
"बांगडे असत गो बाय, डोळे बघ कसे चमाकतत."
घेतले. त्यांच्या पाठीवरचा हिरवा
दोन दिवस डोक्यातून जाईना, वास बोटांतून.
आणि ही श्रावणातली. वॉश वाळायलाच दुपार गेली,
मग कपाटात बुरशी धरली.
बुरशीने केलेले ढग माझ्यापेक्षा बरे आहेत.

कोल्हापूरचे एक गृहस्थ आले होते, रिसॉर्ट बांधतात.
म्हणाले, पूर्ण करून द्या, बारा खोल्यांना बारा घेतो,
पाण्यात तेवढी एखादी होडी टाका.
रात्री भांडी आवरून ट्यूबलाइटखाली बसले.
कोऱ्या जागी काय होतं ते आठवेना.
आठवलं ते भलतंच: कपाळावरच्या ओल्या घड्या,
थर्मामीटर झटकताना वाजलेली बांगडी.
होडी काढली. होडी होडीसारखी दिसली.
पुसली. जलरंगात पुसलेलं जात नाही,
नुसतं मळतं.

लोक म्हणतात, मूल हेच आईचं सगळ्यात सुंदर चित्र.
नाही हो. गौरू गौरू आहे.
तिला पावट्याची उसळ आवडत नाही, ती झोपेत लाथा मारते,
तिला मी रंगवलेली नाही.
एकदा सकाळी तिच्या वेणीचा पेड
मी जरा जास्तच ओढला, कारण पाणी उतरत होतं.
ती रडली नाही. आरशातून माझ्याकडे बघत राहिली.
तो आरसा मी अजून नीट पुसत नाही.

आज रविवार. ती शेजारी बसलीय,
श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात कुर्ल्या मोजत.
"आई, पाणी परत येतंय."
मला दिसत होतं. तिवरांना अजून सावली द्यायची होती.
"आई, पायात गेलं."
ब्रश दातांत धरला, पाय मांडीवर घेतला,
कालवाची कपची होती, नखाएवढी.
थोडं रक्त आलं. फुंकर. हळद.
वळून बघते तर
ओल्या कागदावर तिवरं माझ्यावाचून खाली उतरलेली,
चिखलात हिरवट होत गेलेली,
कुठे संपतात ते कळू नये अशी.

हात लावला नाही.
पॅड भिंतीला टेकवून ठेवलं, मांजर येणार नाही असं.
पेल्यातलं पाणी अळवाच्या मुळाशी ओतलं,
तर आतून सासूबाईंचा आवाज:
"त्या अळवाची भाजी करू नको हां गो."