परतण्यापुरतं

उदगीर रोडला माझं बेअरिंगांचं दुकान.
विमान उडवतो ते हौसेनं, महिन्यातून दोनदा,
उजेड असेल, जमीन दिसत असेल तेव्हाच.
परवान्यात तसंच लिहिलंय.
ढगात शिरायचं नाही.

ढगाला कुठं वाचता येतं.

बिराजदार सर माझ्या डोक्यावर टोपी चढवायचे,
पुढं लांब झडप असलेली.
बाहेरचं सगळं जायचं, उरायचे सहा डायल.
मी म्हणायचो, सर, डावीकडं कलतंय.
"कुटं कलतंय? कान खोटं बोलायलाय तुझा.
काट्याकडं बघ."

असे दहा तास. त्यांचा शिक्का कुठंच नाही.
शिक्का मोठ्या परीक्षेला मिळतो,
तिच्यासाठी दुकानाला वर्षभर कुलूप लावावं लागेल.
एकदम माडी, नाहीतर अंगण.
मधली पायरी कुणी बांधलीच नाही.

मेहुणे नागोराव म्हणाले,
अर्धं पोहता येणाराच बुडतो.
सरांना सांगितलं. ते टायरची हवा बघत होते.
"विहिरीत कसा शिकलास?"
पाठीला डबा बांधून.
"डबा सुटला त्या दिशी कुठवर गेलास?"
पायरीपर्यंत.
"मग?"

भादव्यात धाराशिवहून निघालो, लातूर पंचवीस मिनिटं.
तेरणेचं पाणी मागं पडलं
आणि बालाघाटाच्या कडेवरून ते वर आलं,
कापूस पिंजल्यासारखं बिंजल्यासारखं काही नाही,
नुसतं पांढरं. पंखाचं टोकही गेलं.
खुर्ची सांगू लागली, डावीकडं पडतोयस.
हात उजवीकडं निघाला.
काटा म्हणाला, सरळ आहेस.

आयुष्यात कुणाचं ऐकायचं हा प्रश्न
इतका स्वच्छ परत कधी पडला नाही.

हात मांडीवर पुसला.
मग हळू उजवं वळण, एक मिनिटाचं,
निम्मं वर्तुळ, उंची तीच.
मोठ्यानं मोजत होतो,
खोक्यातली बेअरिंगं मोजतो तसं.
छप्पन्न, सत्तावन्न.
साठाला काहीच दिसलं नाही.
ऐंशीला सोयाबीन दिसलं,
एक पत्र्याचा गोठा, दोन म्हशी.

विमान धाराशिवलाच ठेवलं.
लातूरला एसटीनं आलो, मुरुडपर्यंत उभा.

नागोरावांचंही अगदी खोटं नाही.
पुढच्या महिन्यात औशावर एक एकटा ढग होता,
लहानसा, घोंगडीएवढा,
आणि माझे हात शिवशिवले.
थोडं येणाऱ्याला हा रोग असतोच.
त्याला वळसा घालून गेलो,
पण शिवशिवले, हे लिहून ठेवतो.

तरी नवीन पोरं येतात,
गाव दिसतंय तोवर उडणारी,
त्यांना मी सरांकडं पाठवतो.
पलीकडं जायला नाही शिकवत ते.

लॉगबुकात एक रकाना आहे, वाढीव पात्रता.
माझा कोरा.
त्यात मी पेन्सिलीनं लिहिलंय, बारीक,
तपासणीस आला तर खोडता यावं असं :
परतण्यापुरतं येतं.