येणे बाकी

मी जाहिराती विकायचो. दहा सेकंदांचे दर
मला आजही तोंडपाठ आहेत:
सकाळी आठचा, संध्याकाळी सातचा,
आणि मंगळवारी रात्री दहाचा, जो कुणी विचारतच नसे.

कॉलेज रोडला, बँकेच्या डोक्यावर आमचं स्टेशन.
रूबेन त्रिभुवन शरणपूरहून स्कूटरवर यायचा,
पायाशी तबकड्यांची पिशवी,
पिशवीवर लासलगावच्या कुठल्या आडत्याचं नाव.
वय पन्नास. आवाज असा, की
शेजारी बसलेल्याला पाणी हवंय का विचारतोय.

गाजलेलं गाणं तो लावत नसे.
अल्बममधलं सातवं लावायचा,
लग्नात फोटोत न येणाऱ्या मामासारखं,
ज्यानं मांडवाचे पैसे दिलेले असतात.

"ही प्रेमात पडायची गाणी नव्हेत," तो सांगायचा,
"पडून वीस वर्षं झाली, आता गुडघा दुखतो, त्याची आहेत."
गिटार, एक दमलेला पियानो, कुणी बाई
घटस्फोटानंतर भांडी वाटून घेण्याबद्दल गातेय
आणि रागावलेली नाही.
इंग्रजी मला अर्धंच कळायचं.
भांड्यांचं कळलं.

मॅनेजर विचारायचे, हे ऐकतं कोण?
मी आकडा शोधायला निघालो.
आकडा सापडला नाही. माणसं सापडली, तीही सुटी सुटी:
नोटांच्या प्रेसमधला एक, पाळी सुटल्यावर
मोटारसायकलला टेकून, एकाच कानात वायर घालून,
शेवटचं गाणं संपेपर्यंत घरी न जाणारा.
आणि निफाडकडे, पारा चारवर आलेल्या रात्री
द्राक्षबागेत शेकोट्या पेटवत फिरणाऱ्या दोघी जावा.
धाकटीनं फोनवर विचारलं,
"तोंडानं वाजवतात तो बाजा, त्याला काय म्हणतात हो?
धुरात बरा वाटतो."

जाहिरात एकानंच दिली. मेन रोडचे करवा शेठ,
श्रवणयंत्रांचं दुकान.
मी म्हटलं, शेठ, तुमची गिऱ्हाइकं ऐकणार कशी?
म्हणाले, गिऱ्हाइकासाठी नाही देत.
हा माणूस गाणं मध्येच तोडत नाही.
शेवट विरत जातो ना, लांब लांब,
तेव्हा मी दुकानातला पंखा बंद करून बघतो
मला अजून कुठवर ऐकू येतं.

मार्चअखेर वरून पत्र आलं: फॉरमॅट बदला.
तीच वीस गाणी, फिरून फिरून, आणि मध्ये हसणारे दोघं.
सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण
तोट्याचा तक्ता माझ्या अक्षरात होता.
रूबेननं ऐकून घेतलं. चष्मा पुसला.
चहा घेणार का, असं मलाच विचारलं.

त्या रात्री त्यानं निरोप घेतला नाही,
खास असं काही लावलं नाही.
कधीच्या मोडलेल्या एका बँडची तबकडी,
पहिली बाजू, सलग,
दोन गाण्यांमधली खरखरसुद्धा न कापता.
आणि शेवटी नेहमीसारखं,
"दुसरी बाजू पुढच्या मंगळवारी."

तबकडी टेबलावर विसरून गेला.
विसरला, असं मी म्हणतो. तो विसरणारा नव्हता.

हल्ली मी पाथर्डी फाट्याला फ्लॅट विकतो.
गाडीत त्या नंबरवर आता कुणीतरी सतत खूश असतं.
करवा शेठ गेले. त्यांचे दोन महिन्यांचे आगाऊ पैसे
कंपनीनं परत केले नाहीत;
मी पाकीट घेऊन गेलो, तर मुलगा म्हणाला, कसले?

तबकडी कपाटात आहे, साड्यांच्या खाली, आडवी.
वाजवायचं यंत्र घेता येईल. घेत नाही.
जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर
बुडीत खात्यांची यादी आहे माझी,
तिच्या वर, तिच्यात न धरता,
एक ओळ लिहून ठेवलीय:

मंगळवार, रात्री दहा. दुसरी बाजू.
येणे बाकी.