सुरक्षा प्रश्न

सहा दिवस पडद्यावर एकच वाक्य:
सेवा तात्पुरती बंद आहे.
तात्पुरती हा शब्द मी रोज वापरतो,
जालन्याच्या एमआयडीसीत, वजनकाट्यावर.
सळईची गाडी भरलेली, गाडी रिकामी, वजा, पावती.
दहा किलो इकडंतिकडं झाले
तर ड्रायव्हर खिडकीतून हात घालून कॉलर धरतो.
रात्री डबा धुऊन मी कन्सोलपुढं बसतो,
आणि तिथं
कॉलरच नाही कुणाला.

दोन दिवाळ्यांचा बोनस आणि भिशीचा एक नंबर
घालून घेतलेलं हे डबडं.
तजम्मुल दम्मामला गेला एसी दुरुस्तीला, तेव्हापासून
आम्ही भेटतो ते ह्याच्यातल्या एका पुलावर.
तो बंदूक घेऊन पुढं, मी औषधाची पेटी घेऊन मागं.
फोनवर दोघंही "बरंय" म्हणतो, संपतं.
पुलावर, गोळ्या चुकवता चुकवता,
एकदा म्हणाला होता, इथं झोप लागत नाही यार.

सातव्या दिवशी मेल आला.
आपली गोपनीयता आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे.
खाली मुंगीएवढ्या अक्षरात काय काय गेलं त्याची यादी.
अनधिकृत प्रवेशाची शक्यता नाकारता येत नाही, म्हणे.

आमच्या पालिकेची रिक्षा फिरते गल्लीतून,
भोंग्याचा घसा बसलेला,
पण सांगते: पाईप फुटला, चार दिवस पाणी नाही.
फुटला त्याच दिवशी सांगते.
फुटला तर फुटला म्हणते.

माझा पासवर्ड त्यांनी उघडाच ठेवला होता,
आमचा वॉचमन पायपुसण्याखाली चावी ठेवतो तसा.
वॉचमन निदान
सापडल्यावर खाली बघतो.

कार्ड बँकेतल्या मुळे मॅडमनी दहा मिनिटांत बंद केलं.
पासवर्ड बदलला: एक मोठं अक्षर, एक आकडा, एक फुली.
पण यादीत शेवटून दुसरं होतं
सुरक्षा प्रश्नाचं उत्तर.
प्रश्न: आईचं लग्नापूर्वीचं नाव.

तांदळावर अंगठीनं नवं लिहिलं गेलं
आणि जुनं राहिलं परतूरच्या अलीकडं.
मामा वारल्यावर त्या नावानं हाक मारणारं
कुणी उरलं नव्हतं.
खातं उघडताना मीच विचारलं होतं,
आई, तुझं आधीचं नाव काय गं?
ती तूर निवडत होती. काहून पाहिजे?
म्हटलं, कुलूप लावायचंय.
हसली, दाराकडं बघितलं,
मग हळूच सांगितलं, 
पेटीतलं जुनं पोलकं अजून होतंय का
बघावं तसं.

आता ते कुठल्यातरी शहरात, कुणाच्यातरी फायलीत,
आधी स्वल्पविराम, नंतर स्वल्पविराम,
हजाराच्या गठ्ठ्यात विकायला.
मी कार्ड बदलू शकतो. ते कसं बदलू?
एकदा बदललंच होतं की.

तिला सांगितलं. जरा वेळ गप्प बसली.
मग म्हणाली, नाव काढलंस बाबा आईचं,
लई लांब पोचवलंस.

भरपाई म्हणून दोन गेम फुकट दिलेत,
एक लहान मुलांचा.
आणि नवा सुरक्षा प्रश्न निवडा:
पहिल्या गुरुजींचं नाव? पाळलेला प्राणी?
गुरुजी आठवतात. उजव्या हाताला सहावं बोट होतं त्यांना.
नाही देणार.
मी लिहिलं: एमएच एकवीस, नऊ टन चारशे चाळीस.
हिरवी खूण आली. धन्यवाद, म्हणाले,
आम्ही आपल्याला ओळखलं.

पूल जागेवर आहे.
तजम्मुलच्या नावापुढचा ठिपका राखाडी.
मी पेटी खाली ठेवून उभा आहे,
आणि कुणी अनोळखी जवळून पळत गेलं
की वाटतं, ह्याला माहीत असेल का,
ते नाव,
जे मी इथंसुद्धा लिहिलेलं नाही.