पंखा बंद करून

आधी पंखा बंद करायचा.
मे महिना असो, डोक्यावर पत्रा तडतडत असो,
वागळे इस्टेटच्या या गाळ्यात
पावडरची पिशवी उघडताना वारा चालत नाही.
एकदा निहाल विसरला, बटण दाबलं,
आणि निळा रंग चहात, कॅलेंडरवर, माझ्या पापण्यांवर.
चार दिवस मी निळं शिंकत होते.

किलोकिलोच्या पिशव्या येतात, तोंड रबराने आवळलेल्या.
बिलावर शेट सी, एम, वाय, के लिहितात.
मी निळी, किरमिजी, पिवळी, काळीच म्हणते.
कुठल्या गिरणीत इतकं मऊ दळून मिळत नाही.
चिमटीत घेतली तर आहे की नाही कळत नाही,
काट्यावर कळतं: ऐंशी ग्रॅम.
ऐंशी म्हणजे ऐंशी. ठासून भरलं की कार्ट्रिज ओकतं
आणि गिऱ्हाईक आपल्या दारात.

ड्रमवर काळं फडकं टाक, निहाल,
त्याला उजेड सोसत नाही.
नख लागू देऊ नकोस. एक ओरखडा, आणि तोच डाग
दर पानावर, ठरल्या अंतरावर, परत परत.
आणि ही टाकाऊ टाकीतली, सगळे रंग मिसळून शेणकट झालेली,
शेट म्हणाले तरी परत भरायची नाही.
मग चिप. तिळाएवढी अक्कल,
पोट भरलेलं असताना उपाशी म्हणून ओरडते.
ती बदलायची.

गुरुवारी ठोंबरे आले, कोपरीचे, झेरॉक्सवाले.
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कार्ट्रिज आणि एक पान.
'बघा ना,' म्हणाले, 'कुंकू येत नाहीये.'

पानावर बाई. व्हॉइलची साडी, केसांत अबोली,
ओठ हिरवट, गाल कावीळ झाल्यासारखे,
कपाळावर पिवळा ठिपका.
किरमिजी संपली की लाल उरत नाही,
खालची पिवळी तेवढी उघडी पडते.
कुंकवाची हळद झाली होती.

'उद्या तेरावं. पन्नास प्रती हव्यात.
शेजारच्या दुकानातून काढता आल्या असत्या, पण'
पुढचं बोलले नाहीत.
मशीन बाईंनीच घेतलेलं, बचत गटाच्या कर्जावर,
हे मला माहीत होतं. पहिलं रिफिल त्याच घेऊन आल्या होत्या,
आणि पन्नास रुपये कमी करून घेतले होते.

पंखा बंद केला. शटर अर्धं ओढलं.
भोकावरची जुनी पट्टी सोलली, आत फक्त गुलाबी धूर.
ब्लेड पुसलं, नरसाळं लावलं,
घाम हनुवटीवरून काट्यावर पडू नये म्हणून मान वाकडी.
ठोंबरे तसेच उभे, श्वाससुद्धा जपून घेत.
भरून झाल्यावर आडवं धरून हलवलं,
सुपात तांदूळ पाखडावेत तसं, पण सावकाश.

पेनड्राइव्ह त्यांच्या खिशात होता.
पहिलं पान फिकट. दुसऱ्यावर ओठ आले.
तिसऱ्यावर कुंकू, भरगच्च, लालभडक.
निहालने माझ्याकडे बघितलं, जमलं म्हणून.
ठोंबऱ्यांनी पान हातभर लांब धरलं.
'गडद आहे,' म्हणाले.
'ती इतकं गडद लावत नव्हती.'

सेटिंगमध्ये जाऊन किरमिजी एक घर खाली आणली.
'अजून थोडं.'
अजून एक घर.
'हं,' म्हणाले. नुसतं हं.
मग पन्नास, एकेक, गरम, खालच्या ट्रेमध्ये पडत राहिली.
पैशांचं मी बोलले नाही. त्यांनी न विचारता
साडेतीनशे टेबलावर ठेवले. पन्नास कमी करा म्हणाले नाहीत.

हात धुताना निहाल गीझरचा नळ सोडत होता.
गार पाण्याने धू, बाबा. गरमाने रंग वितळतो,
मग कातडीत बसतो, निघत नाही.
नखांच्या कडेला तरी राहिलंच थोडं.

उरलेली चार पानं, फिकी आणि गडद,
अजून बिलबुकाखाली आहेत.
रद्दीवाला दर रविवारी येतो.