पाणी कुठे मुरतं

चुलीमागच्या भिंतीवर ओल आली.
आधी बशीएवढी, मग परातीएवढी.
घर आमचं खांबांवर, कास्त्रोच्या खाडीत,
भरतीला खालून पाणी, वर्षाचे दहा महिने वरून पाणी,
मधल्या मध्ये आम्ही: मी, माझा माग,
आणि बोटीवरून निवृत्त झालेला दीर रोसामेल.

फोटो काढला. बोटं पुसून लिहिलं,
"भिंत गळते. लाकडी खवल्यांची आहे. काय करू?"
आणि दिलं सोडून जगात,
शेजारणीकडे वाटीभर मीठ मागावं तसं.

सकाळपर्यंत एकतीस उत्तरं.
सिलिकॉन भरा. सिलिकॉन चुकूनही भरू नका.
डांबर. जवसाचं तेल. पत्रा ठोका.
भिंत पाडा, काय तो निकाल लावा एकदाचा.
कोन्सेप्सिओनच्या एका बाईने लिहिलं, घर विका.
एकाने माझं शुद्धलेखन सुधारलं
आणि ओलीबद्दल चकार शब्द काढला नाही.
जखम मांडीला, मलम शेंडीला,
पण मलम तरी फुकट होतं.

तीन नळ्या सिलिकॉन ओतलं मी.
ओल दोन वीत उजवीकडे सरकली,
बाकावर कुणी शेजारी येऊन बसलं
की माणसं सरकतात तशी.

रोसामेल म्हणाला, वहिनी, कुठंतरी पाणी मुरतंय.
म्हटलं, ते दिसतंय. कुठं, ते सांग.

बत्तिसावं उत्तर चार दिवसांनी आलं
पुएर्तो नातालेसहून. ओविदिओ बाहामोन्दे,
आयुष्यभर होड्या बांधल्या, हे त्याने आधी सांगितलं,
दार वाजवून नाव सांगावं तसं.
मग एवढंच:
"गळतं तेव्हा वारा कुठला असतो?"

एकोणीस वर्षं राहते मी या घरात.
मला माहीत नव्हतं.

"होडी उपडी करून बघता येते," त्याने लिहिलं,
"घर उपडं होत नाही. म्हणून खडू घ्या.
हिवाळाभर काही दुरुस्त करू नका. नुसतं लिहा."

चौदा जून, वारा उत्तरेचा, भरती, मिनिटाला नऊ थेंब.
वीस जून, दक्षिणेचा, कोरडं.
दोन जुलै, उत्तर, रात्रभर, पातेलं दोनदा ओतलं.
सात जुलै, विसरले.
मागावर घोंगडी भरत जाते तशी भिंत भरत गेली,
रोज दोन बोटं,
आणि नक्षी कसली होतेय
ते जवळून कळेना.

ऑगस्टात मागे सरले, पार दारापर्यंत.
सगळ्या रेघा डावीकडे, वर, वळचणीशी जात होत्या.
शिडी लावली. रोसामेलने धरली, कुरकुरत.
वर एक खिळा.

माझाच.
रंगवलेली लोकर वाळवायला दोरी बांधली होती,
इथे आल्यावर तिसऱ्या वर्षी की चौथ्या,
आणि स्वतः हातोडी चालवली म्हणून
दिवसभर कोण मिरवले होते!
त्या खिळ्याच्या अंगाने पाणी आत शिरायचं,
तुळईवरून चालत चालत
दीड मीटर लांब, साळसूदपणे,
चुलीमागे उतरायचं.

ओविदिओला कळवलं.
"बरं झालं," म्हणाला. मग दोन दिवस काही नाही.
मग: "करवत आता झेपत नाही, हात थरथरतात.
डॉक्टरीण म्हणाली, सुया घ्या, विणा. घेतल्या.
मोजा घोट्यापर्यंत येतो आणि अडतो.
टाच कशी वळवायची?"

टाच तर मी झोपेत वळवते.
लिहायला बसले. निम्मे टाके एका सुईवर घ्या,
पहिला न विणता उचला, उलट फिरा,
दोन एकत्र, पुन्हा उलट...
पानभर झालं,
एकतीस उत्तरांसारखं दिसू लागलं.
पुसलं.

(खडू अजून भिंतीवर आहे. रोसामेल रोज म्हणतो, रंग दे.)

विचारलं, "पाय कुणाचा आहे?"

तिकडे तो लिहू लागला, थांबला,
पुन्हा लिहू लागला.
चुलीवरचं पाणी उकळलं, आटलं,
तो लिहीतच होता.