लाकडी तोफ

रामशेजच्या टाक्याशी गाइड पोरगा सांगत होता,
गडावर लोखंड नव्हतं,
तर किल्लेदारानं लाकडाच्या तोफा केल्या,
वरून कातडं मढवलं,
आणि मोगल साडेपाच वर्षं खालीच बसला,
आशेवाडीच्या शिवारात.
किल्लेदाराचं नाव?
घोळक्यातून तीन नावं आली.
पोरगा तिन्हींना हो म्हणाला.

माझे वडील, सखाहरी, पन्नास वर्षं
भद्रकालीत ढोल मढवतात.
गुडघा चोळत त्यांनी विचारलं,
"लाकूड कुठलं? बाभूळ का आंबा?
कातडं ओलं चढवलं का वाळवून?
आणि एवढी जनावरं सोलली, तर कमवायला पाणी?
हे टाकं माणसांनाच पुरत नसेल."
पोरगा हसला. सेल्फीवाले पुढे गेले.

"दुसऱ्या बाराला फुटेल ती,"
उतरताना म्हणाले, कुणालाच उद्देशून नाही.
मग पेठ रोडला लागेपर्यंत गप्प.
टपरीवर चहाची बशी खाली ठेवली:
"पोकळ लाकूड. वर ताणून बसवलेलं कातडं.
अगं, याला आपल्यात काय म्हणतात?"

मला हसू आलं, मग अंगावर काटा.
काळोख. कड्यावर ओळीनं ढोल.
दरीतून दुप्पट होऊन परतणारा आवाज,
आणि खाली तंबूत कुणीतरी
पांघरुणात बार मोजत पडलेलं.

पटलं. दोन दिवस पटलं.
तिसऱ्या दिवशी वाटलं, वडील सुतार असते
तर तोफ खरीच उडाली असती.
लोहार असते, तर गडावर
कुठंतरी लोखंड सापडलंच असतं.

वहीत लिहिलं: पुरावा नाही.
तोफेला नाही, ढोलालाही नाही.
वडिलांना वाचून दाखवलं.
"बरोबर आहे," म्हणाले. "कातडं टिकतं कुठं?
चाळीस वर्षांपूर्वी मी मढवलेला
एक ढोल दाखव मला आज."

आता फायबरची पानं येतात,
मिरवणुकीला तीच चालतात.
तरी काल एक बकऱ्याचं कातडं त्यांनी
गच्चीवर ताणून वाळत घातलंय,
गिऱ्हाईक नसताना.
मी येता-जाता नखानं टिचकी मारते.
ओलं आहे अजून.
बद्द वाजतं.